वाटेवरचे नुकसान कोणाचे? पारगाव परिसरातील प्रवास, विमा आणि मदत

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात पारगाव या नावाची एकाहून अधिक गावे आहेत. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, तर आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. नावाला चिकटलेला ‘तर्फ’ हा शब्द जुन्या महसुली विभागणीतला असून, परगण्यापेक्षा लहान आणि गावापेक्षा मोठा असा काही गावांचा गट त्यातून ओळखला जाई. या दोन्ही पारगावांचा मुलूख पूर्वापार रहदारीचा आहे. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज आणि भीमाशंकरच्या घाटवाटा कोकणात उतरतात, उत्तर-दक्षिण असा पुणे-नाशिक रस्ता जातो आणि कल्याणहून माळशेजमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता त्याला आळेफाट्यावर छेदतो. जेथे माणसे आणि माल सतत हलत असतात तेथे वाटेत काही घडले तर नुकसान कोणी सोसायचे आणि अडलेल्याला हात कोणी द्यायचा, हे दोन प्रश्न कधीच सुटत नाहीत. आज एखाद्या कुटुंबाने नवे मोटरहोम, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय असलेली निवासी मोटार, विकत घेऊन या भागात फिरायचे ठरवले, तर विम्याची पॉलिसी आणि रस्त्यावरील मदतीचा करार निवडताना त्या कुटुंबापुढे हेच दोन प्रश्न नव्या वेषात उभे राहतात. जुन्या व्यवस्थेत भरपाई आणि मदत या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच हाती होत्या. आधुनिक कायद्याने त्यांची फारकत केली, आणि या फारकतीचा इतिहास ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळ वाहनधारक पहिली गोष्ट विकत घेऊन दुसरीही मिळाली असे समजतात.

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आजही पाहायला मिळतो. कल्याण बंदरातून जुन्नरकडे येणाऱ्या मालावरची जकात या रांजणात टाकली जाई, असे परंपरा सांगते. रांजणाचा नेमका उपयोग काहीही असो, घाटवाटेवर कर घेणाऱ्या सत्तेने त्या बदल्यात वाट सुरक्षित ठेवावी ही अपेक्षा मात्र या प्रदेशात फार जुनी आहे. मराठा काळात हीच अपेक्षा ‘राहदारी’ या संज्ञेत दिसते. राहदारी म्हणजे वाटेने जाण्याचा कर, आणि तो भरल्याचा किंवा माफ असल्याचा दाखला म्हणजे राहदारीचे दस्तक. घाटमाथ्यावरील महादेव कोळी नाईकांकडे घाटवाटांच्या राखणीचे काम सोपवलेले असे व त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. राखण करणारा आणि हक्क घेणारा एकच असल्यामुळे वाटेवर लूट झाली तर जाब कोणाला विचारायचा, याविषयी संदिग्धता नव्हती.

सपाटीवरील गावांत ही जबाबदारी अधिक नेमक्या रीतीने बांधलेली होती. पेशवाईच्या अस्तानंतर ब्रिटिश अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1819 साली जिंकलेल्या मुलखासंबंधी जो विस्तृत अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराच्या कर्तव्याचे वर्णन आले आहे. गावाच्या हद्दीत चोरी झाली तर राखणदाराने, मग तो रामोशी असो, महार असो वा भिल्ल, चोराचा माग काढायचा. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवून तेथील राखणदाराच्या स्वाधीन केला की पहिले गाव मोकळे होई आणि शोधाचा भार दुसऱ्या गावावर जाई. माग लागलाच नाही, तर राखणदाराने आपल्या ऐपतीप्रमाणे नुकसान भरून द्यायचे व उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसवली जायची. एल्फिन्स्टनला ही रीत अन्यायाची वाटली, कारण चोरी रोखणे किंवा एवढी रक्कम देणे गावाच्या हातात असेलच असे नाही. पूर्ण भरपाई नेहमी वसूल होत नसे, परंतु काहीतरी दंड बहुधा बसे, हेही त्याने नोंदवले आहे. त्याचा आक्षेप रास्त असला तरी या रीतीचा एक गुण दुर्लक्षिण्याजोगा नाही. ज्याला भरपाई द्यावी लागणार, त्यालाच आधी धावून जाण्याची निकड होती. जोखीम आणि धाव यांची अशी सांगड पुढच्या दोनशे वर्षांत पुन्हा क्वचितच जुळून आली.

व्यापारी मालाच्या बाबतीत हेच काम हुंडेकरी करीत. हुंडा म्हणजे ठरावीक रकमेत माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेऊन पोहोचवण्याचा मक्ता, आणि तो घेणारा हुंडेकरी वाटेतली जकात, राहदारी, चौक्यांची देणी व मजुरी हे सारे त्या एका रकमेतून भागवी. दर मुक्कामाला नवा नाका व नवा वाद असे, तेव्हा जुन्नरच्या पेठेतील व्यापाऱ्याला बाजारभाव माहीत असला तरी वाटखर्च किती येईल हे सांगता येत नसे, आणि ही अनिश्चितता हुंडेकरी आपल्या अंगावर घेई. ‘विमा’ हा व्यवहारही कंपन्यांच्या आगमनाआधीपासून भारतीय सराफांना परिचित होता. सतराव्या शतकात सुरतेसारख्या व्यापारी शहरांत माल आणि रोकड सुखरूप पोहोचवण्याची हमी शेकडेवारीने घेतली जाई, आणि ‘जोखमी हुंडी’ या प्रकारात माल बुडाला तर हुंडीचे पैसे द्यावे लागत नसत. या साऱ्या व्यवहारांत हमी देणारा माणूस ओळखीचा असे व त्याची पत त्याच्या पेढीच्या नावावर उभी असे. त्या पतीला कायद्याचा आधार थोडा आणि जातगोताचा, बाजाराचा आधार मोठा होता.

कंपनी सरकारने 1838 साली मुंबई इलाख्यातील अंतर्गत वाहतुकीवरील जकाती उठवल्या, त्याबरोबर हुंडेकऱ्याच्या मक्त्यातील एक मोठा भाग गळून पडला. पुढे 1865 साली मालवाहकांविषयीचा कायदा झाला. भाडे घेऊन सर्वांचा माल नेणारा वाहक मालाच्या सुरक्षिततेला जबाबदार राहील असे तत्त्व त्यात होते, परंतु सोने, जवाहीर, रेशीम अशा कायद्याच्या यादीतील मौल्यवान वस्तूंची किंमत 100 रुपयांहून अधिक असेल आणि मालकाने ती आधी सांगितली नसेल, तर वाहक त्या नुकसानीस बांधील राहणार नव्हता. ही अट वरवर किरकोळ दिसते. वास्तविक आधुनिक विम्याचा गाभाच तिच्यात आहे, कारण न सांगितलेल्या वस्तूची जोखीम कोणी घेतलेली नसते. मोटरहोम घेणाऱ्याला आज सर्वांत महाग पडू शकणारी चूक हीच अट विसरण्याची असते, आणि त्याचा विचार पुढे ओघाने येईल.

मोटारगाडी आली तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले. बैलगाडीने किंवा तट्टाने दुसऱ्याचे मोठे नुकसान क्वचित होई, तर मोटार स्वतः सुखरूप राहून वाटसरूचा जीव घेऊ शकत होती. म्हणून नुकसान कोणाचे या प्रश्नाला ‘तिसऱ्याचे’ असे नवे उत्तर जोडले गेले. विमा कंपनी हा पहिला पक्ष, वाहनमालक हा दुसरा आणि ज्याचा या करारात काहीच सहभाग नव्हता तो रस्त्यावरचा माणूस हा तिसरा पक्ष होय. ब्रिटनमध्ये 1930 च्या कायद्याने अशा तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा झाला. भारतात 1914 चा मोटार वाहन कायदा परवाने व नोंदणीपुरता होता. विम्याची सक्ती 1939 च्या कायद्यातील आठव्या प्रकरणाने आली, मात्र ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झाले 1 जुलै 1946 रोजी. आज सर्वांना स्वयंसिद्ध वाटणारा हा नियम देशात स्वातंत्र्याच्या जेमतेम वर्षभर आधी अमलात आला, हे ध्यानात घेतले म्हणजे वाहनविम्याची आपली सवय किती अलीकडची आहे ते कळते.

या काळातील एक योगायोग लक्षणीय आहे. सर दोराबजी टाटा यांनी मुंबईत न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनी 1919 साली स्थापन केली, आणि वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संघटनाही मुंबईत त्याच वर्षी उभी राहिली. पहिली संस्था नुकसान झाल्यावर पैसे देणारी आणि दुसरी सभासदाची गाडी वाटेत अडली तर माहिती, मार्गदर्शन व मदत पुरवणारी होती. गावच्या राखणदाराच्या एका हाती असलेली दोन कामे येथे दोन वेगळ्या संस्थांकडे गेलेली स्पष्ट दिसतात. विमा पुढे कायद्याने सक्तीचा झाला, तर मदत सभासदत्वाची, म्हणजे ऐच्छिक आणि मुख्यतः शहरी राहिली. मुंबई-पुण्याच्या मोटारवाल्याला ती लाभली, परंतु आळेफाटा वा मंचरच्या पलीकडे अडलेल्या वाहनाला आधार होता तो गावच्या लोहाराचा, पुढे फिटरचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या चालकांचा.

स्वातंत्र्योत्तर काळात 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि हळूहळू एसटी गावोगाव पोहोचली. एसटीमुळे या भागात एक तिसरीच रीत रुजली. परिवहन उपक्रमांनी बाहेरून विमा न घेता स्वतःचा निधी उभारून अपघाताची देणी भागवावीत, अशी सूट कायद्यात ठेवलेली आहे. शिवाय एसटीची गाडी बिघडली तर आगाराचे दुरुस्तीवाहन येते, प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवले जाते आणि जखमींना महामंडळाकडून साहाय्य मिळते. भरपाई आणि धाव ही दोन्ही कामे येथे पुन्हा एका संस्थेकडे आली, त्यामुळे ग्रामीण प्रवाशाच्या मनात एसटीविषयी जो विश्वास टिकून आहे त्याचे मूळ तिकिटाच्या दरात शोधण्यापेक्षा या एकहाती जबाबदारीत शोधणे अधिक योग्य ठरेल. खाजगी वाहनांच्या बाबतीत मात्र कायदा भरपाईच्याच दिशेने वाढत गेला. मोटार अपघात दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणांची तरतूद 1956 च्या दुरुस्तीने झाली. चालकाची चूक सिद्ध न होताही मृत्यूबद्दल 15,000 रुपये देण्याचे तत्त्व 1982 साली आले. 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन शंभराहून अधिक कंपन्यांचे व्यवसाय चार सरकारी कंपन्यांत विलीन झाले. आजचा कायदा 1988 चा असून तो 1 जुलै 1989 पासून अमलात आहे.

या परिसरात चाकांवरचे घर ही कल्पना पर्यटकांनी आणली असे मानणे चुकीचे ठरेल. नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून महाराष्ट्रात ओळखली जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रेचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या कलावंतांनी ज्या फडांतून महाराष्ट्र पालथा घातला, त्यांची वाहने हेच हंगामातले घर असे. कनात, रंगमंचाच्या फळ्या, जनरेटर, पेट्या, भांडीकुंडी आणि माणसे एकाच ताफ्यातून रात्री प्रवास करीत आणि दिवसा माणसे त्याच ट्रकच्या सावलीत झोपत. ट्रकचा विमा उतरवलेला असला तरी त्याचा अर्थ ट्रक आणि तिसरा पक्ष एवढाच होता. फडाची कनात, वाद्ये, कपडेपट आणि बुडालेली सुपारी यांचा त्या कागदाशी काही संबंध नव्हता. मालवाहू म्हणून नोंदलेल्या वाहनात माणसे बसवली तर त्या माणसांच्या भरपाईविषयी वाद निर्माण होतो, हेही फडांच्या जीवनातील एक कठोर वास्तव राहिले आहे. फडमालक अपघातानंतर कर्जात बुडतो याची जी कारणे आहेत, त्यांत वाहन, घर आणि धंदा हे तिन्ही एकाच चाकावर असून विमा त्यांतील एकाचाच असतो, हे कारण अग्रक्रमाने मांडले गेले पाहिजे.

दुसरे उदाहरण खुद्द आंबेगावच्या पारगावात आहे. तेथील दत्तात्रयनगरात भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे, आणि जुन्नर तालुक्यात शिरोलीजवळ निवृत्तीनगर येथे विघ्नहर कारखाना आहे. दर हंगामात मराठवाडा व नगरकडून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या या पट्ट्यात येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघालेले पती-पत्नीचे जोडपे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. त्यांचे सगळे घर बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावते आणि कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, रूपाने उसाच्या फडाजवळ उभे राहते. वाहनविम्याच्या दृष्टीने ट्रॅक्टर-ट्रॉलीचा व्यवहार फार बोधप्रद आहे. ट्रॉली हे वेगळे वाहन असून तिची नोंदणी वेगळी होते आणि तिची जोखीम पॉलिसीत स्वतंत्रपणे दाखवावी लागते. ट्रॅक्टर शेतीच्या वापरासाठी नोंदलेला असताना तो भाड्याने ऊस वाहू लागला, तर पॉलिसीतील ‘वापराची मर्यादा’ मोडली असा बचाव कंपनी घेते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या स्वर्णसिंग निकालात परवान्याच्या वादांसंबंधी जे विवेचन केले, त्यातून ‘आधी द्या, मग वसूल करा’ ही रीत पक्की झाली. या रीतीनुसार न्यायाधिकरण कंपनीला पीडिताची रक्कम आधी भरायला लावू शकते आणि कंपनी ती नंतर मालकाकडून वसूल करू शकते. पीडिताला न्याय मिळतो, पण मालकाची जमीन वा ट्रॅक्टर वाचतोच असे नाही. मोटरहोमच्या मागे जोडलेला निवासी ट्रेलर आणि उसाची ट्रॉली यांत या दृष्टीने काडीचाही फरक नाही. ओढणाऱ्या मोटारीची पॉलिसी ट्रेलरला आपोआप लागू होते असे गृहीत धरणारा पर्यटक, या पट्ट्यातील ट्रॅक्टरमालकांनी न्यायालयांत किंमत मोजून जो धडा घेतला, तो नव्याने घेत असतो.

रस्त्यावरील मदत ही विकत घेण्याची वस्तू झाली ती फार उशिरा. राष्ट्रीयीकरणाच्या काळात आणि 2002 च्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकातही विम्याचे दर आणि शब्दरचना देशभर एकच होती. त्या शब्दरचनेत अपघातग्रस्त खाजगी मोटार जवळच्या दुरुस्तीखान्यापर्यंत नेण्याचा खर्च 1,500 रुपयांपर्यंत देण्याची तरतूद होती. अपघात न होता गाडी नुसती बंद पडली, तर पॉलिसीचा काही संबंध नव्हता, कारण यांत्रिक वा विद्युत बिघाड हा विम्याच्या मूळ कल्पनेतच अपघात मानलेला नाही. विमा क्षेत्र 2000 साली खाजगी कंपन्यांना खुले झाले आणि 1 जानेवारी 2007 पासून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. मग स्पर्धेपोटी कंपन्यांनी मूळ पॉलिसीला जोडून घेण्याची पूरक कलमे बाजारात आणली. सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारे कलम त्यांतले सर्वांत लोकप्रिय ठरले. रस्त्यावरील मदतीचे कलम त्याच लाटेतले असून, पंक्चर झालेले चाक बदलणे, बॅटरीला जोर देऊन इंजिन सुरू करणे, थोडे इंधन पोहोचवणे, अडकलेली किल्ली काढणे आणि न सुटणाऱ्या बिघाडात वाहन ओढून नेणे, एवढी त्याची व्याप्ती असते. तिसऱ्या पक्षाचे दर मात्र आजही सरकारच ठरवते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या खाजगी मोटारीस तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

याच वर्षी, 2018 साली, जुन्नर हा राज्यातील पहिला पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज आणि खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण एका तालुक्यात, तर भीमाशंकर शेजारच्या आंबेगाव-खेडच्या घाटमाथ्यावर, अशी ही रचना मुक्कामी प्रवासाला अनुकूल आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. या धोरणात निवासी वाहने आणि ती उभी करण्याची सुविधायुक्त ठिकाणे, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क, या दोहोंचा विचार आहे. अशा वाहनांच्या रचनेसाठी वाहन उद्योग मानक 124 अस्तित्वात आहे आणि या मानकाप्रमाणे तपासणी करू शकणारी एआरएआय ही 1966 पासूनची संस्था पुण्यातच कोथरूडच्या टेकडीवर आहे. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सचे ट्रॅव्हलर वाहन अनेक बांधणीकार निवासी बांधणीसाठी वापरतात. म्हणजे वाहन, तपासणी आणि पर्यटनस्थळ ही तिन्ही एकाच जिल्ह्यात उपलब्ध आहेत. विम्याची आणि मदतीची बाजू मात्र अजून मोटारीच्या व मालवाहू गाडीच्या जुन्या साच्यातूनच पाहिली जाते.

त्यामुळे नव्या मालकाला पॉलिसी निवडण्यापूर्वी नोंदणीचा प्रश्न सोडवावा लागतो. स्वतःच्या वापरासाठी नोंदलेले निवासी वाहन हे वाहतूकेतर वाहनांच्या वर्गात मोडते, तर भाड्याने देण्यासाठी नोंदलेले वाहन वाहतूक वाहनांच्या वर्गात जाते, आणि या दोहोंचा विम्याचा दर, पॉलिसीचा नमुना व वापराची मर्यादा भिन्न असतात. वर्षातून दोन आठवडे ओळखीच्यांना भाड्याने द्यायचे असा विचार मनात असेल, तर खाजगी पॉलिसी घेऊन तो अमलात आणणे म्हणजे भाड्याने ऊस वाहणाऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरचीच पुनरावृत्ती होय. साधी व्हॅन घेऊन तिचे घर करणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारे बदल रोखले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळमधील एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लावले. परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून केलेली बांधणी नोंदणीपुस्तकात नसते, आणि नोंदणीपुस्तकात जे नाही त्याची किंमत विमा कंपनीकडून मागणे कठीण जाते. परवान्याच्या बाबतीत तेवढा दिलासा मिळाला आहे. हलक्या मोटारीचा परवाना असणारा चालक 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचे वाहतूक वाहनही चालवू शकतो, हे 2017 चे मत सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायम केले. बहुतेक मोटरहोम या वजनाच्या आत बसतात, तरीही पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सामान भरल्यावरचे वजन नोंदलेल्या मर्यादेत राहते का, हे वजनकाट्यावर पाहून घेणे हिताचे आहे.

विम्यासाठी जाहीर केलेली किंमत ही या निवडीतील सर्वांत नाजूक गोष्ट आहे. वाहन पूर्ण नष्ट झाले किंवा चोरीस गेले तर कंपनी जास्तीत जास्त जी रक्कम देते तिला ही संज्ञा आहे. ती निर्मात्याच्या विक्रीकिमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून काढतात. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, एक वर्षापर्यंत 15 टक्के, आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस 50 टक्के अशी ती उतरंड आहे. मोटरहोममध्ये मूळ चॅसीइतकाच किंवा तिच्याहून अधिक खर्च आतल्या बांधणीवर झालेला असू शकतो, आणि तो खर्च चॅसीच्या विक्रीकिमतीत कोठेच दिसत नाही. म्हणून चॅसी व बांधणी यांच्या किमती पॉलिसीत वेगवेगळ्या लिहून घेणे, आणि सौरपट, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, शीतकपाट, वातानुकूलन यंत्र, स्वयंपाकाची शेगडी अशा बसवलेल्या वस्तू बिलांसह जाहीर करणे, याला पर्याय नाही. गॅसचे सिलिंडर आत बसवलेले असेल तर तेही सांगितले पाहिजे, कारण आग ही या वाहनाची सर्वांत मोठी जोखीम आहे आणि लपवलेला सिलिंडर हा दावा नाकारण्याचे सबळ कारण ठरू शकतो. 1865 च्या कायद्यातील 100 रुपयांची अट येथे आपले आधुनिक रूप दाखवते. कपडे, कॅमेरे, संगणक, दागिने या सुट्या वस्तू तर जाहीर करूनही मोटार पॉलिसीत येत नाहीत, आणि त्यांच्यासाठी वैयक्तिक सामानाचे पूरक कलम किंवा स्वतंत्र पॉलिसी लागते.

माणसांच्या बाबतीतही असाच बारकावा आहे. केवळ कायद्यापुरती पॉलिसी घेतली तर खाजगी वाहनातील फुकट प्रवाशांची जोखीम तीत धरलेली नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या तिलकसिंग निकालातून स्पष्ट केले, तर सर्वसमावेशक पॉलिसीत अशा प्रवाशांचा समावेश होतो असे विमा नियामकाने 2009 साली कंपन्यांना बजावले. मोटरहोममध्ये प्रवास करणारे बहुधा घरचेच लोक असतात. त्यामुळे हप्त्यातील बचतीसाठी कायद्यापुरती पॉलिसी घेणारा कुटुंबप्रमुख अनोळखी पादचाऱ्याला संरक्षण देतो आणि स्वतःच्या मुलांना त्याबाहेर ठेवतो. मालक-चालकाच्या 15 लाखांच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचा लाभही मालकाकडे वैध परवाना असेल तरच मिळतो. पत्नीच्या नावावर गाडी घेऊन पतीने चालवायची, या प्रचलित रीतीत हे संरक्षण बहुधा वाया जाते.

नैसर्गिक आपत्तीचे कलम या डोंगराळ पट्ट्यात औपचारिक मानता येत नाही. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराच्या कड्याखाली गाडले गेले, आणि माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक थांबणे हे नेहमीचे आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत पूर, वादळ, गारपीट, भूकंप, भूस्खलन व दरड कोसळणे यांचा अंतर्भाव असतो, परंतु साचलेल्या पाण्यात इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान त्यात बहुधा धरत नाहीत, आणि इंजिनसंरक्षणाचे पूरक कलम घेण्याचे कारण तेच आहे. ओढ्याच्या पात्रालगत किंवा कड्याच्या पायथ्याशी वाहन उभे करून त्यात रात्र काढणे हा विम्याने सुटणारा प्रश्नच नव्हे. मुक्कामाची जागा कोठे असावी याचे उत्तर स्थानिक गुराखी कोणत्याही करारापेक्षा अधिक खात्रीने देऊ शकतो.

रस्त्यावरील मदतीचा करार निवडताना हप्त्यापेक्षा नकाशा महत्त्वाचा ठरतो. नमुन्याच्या करारात वाहन ओढून नेण्याचे अंतर मर्यादित असते, वर्षातील मदतीच्या वेळा मोजलेल्या असतात, सुट्या भागांची किंमत मालकाने द्यायची असते, आणि कच्च्या रस्त्यावर किंवा रस्ता सोडून अडलेल्या वाहनाकडे येण्याची हमी बहुधा नसते. माळशेजच्या माथ्यावर अडलेले मोटरहोम पुण्यातील अधिकृत दुरुस्तीखान्यात न्यायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर पडते. पन्नास किलोमीटरपर्यंत ओढून नेणारा करार अशा वेळी वाहन नारायणगाव वा आळेफाट्यापर्यंत आणून सोडेल, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय साध्या मोटारीसाठी ठेवलेले ओढवाहन तीन-चार टनांचे, उंच बांधणीचे वाहन उचलू शकत नाही. म्हणून कंपनीला वाहनाचे भरलेले वजन, लांबी आणि उंची कळवून, तेवढ्या क्षमतेची क्रेन या परिसरात उपलब्ध होते का हे लेखी विचारून घ्यावे. वाहन दुरुस्तीत असताना कुटुंबाच्या मुक्कामाचा खर्च कराराने दिला आहे का, हा प्रश्न साध्या मोटारीत दुय्यम असेल, मोटरहोममध्ये तो पहिला आहे, कारण गाडी ओढून नेली की घरही जाते. चॅसीचा निर्माता आणि बांधणीकार वेगळे असल्यामुळे पाण्याचा पंप किंवा विजेची जोडणी बिघडली तर चॅसीच्या निर्मात्याचे मदतकेंद्र हात वर करते. वाहनाच्या या आतल्या बांधणीसाठी बांधणीकाराकडूनच वेगळी लेखी हमी घ्यावी लागते.

सार्वजनिक मदत या करारांच्या जोडीला उपलब्ध आहे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून चालू आहे आणि राष्ट्रीय महामार्गांवर 1033 हा साहाय्य क्रमांक आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलिस वा रुग्णालयाने अडकवू नये, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात 134 अ या कलमाने आणली. गावाने वाटसरूकडे धाव घ्यावी म्हणून एके काळी दंडाची धास्ती घालावी लागे, तर या कलमाने धाव घेणाऱ्याच्या मनातली कोर्ट-कचेरीची धास्ती काढून घेतली आहे. प्रत्यक्षात खेड घाटात किंवा अवसरी घाटात वाहन अडले की पहिल्यांदा पोहोचतो तो जवळच्या गावातला फिटर, पंक्चरवाला किंवा ट्रॅक्टरवाला. विमा कंपन्यांच्या अधिकृत यादीत त्याचे नाव नसते आणि त्याने दिलेल्या पावतीवर दावा मंजूर होईलच असे सांगता येत नाही. कॅरॅव्हॅन पार्कांची आखणी करताना पर्यटन विभागाने आळेफाटा, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथील अशा कारागिरांना प्रशिक्षण देऊन मदत-करारांच्या यादीत घ्यावे, आणि त्यांच्या पावत्या ग्राह्य धरण्याविषयी विमा कंपन्यांशी बोलणी करावी. ज्या मुलखात राखणदार शिवेपर्यंत माग पोहोचवत असे, तेथे एवढी व्यवस्था उभी करण्याजोगी माणसे आणि कसब दोन्ही आजही आहेत.